वेगाची गाडी आणि आपल्या कामाची वेळ

 

गटाच्या बैठकीत हप्ता, कर्ज आणि वसुली झाली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. मुंबईला जायचंय, वंदे भारतनं जावं का? कुणाला प्रदर्शनात शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकायची असते, कुणाला घरातलं माणूस परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचं असतं. विड्या वळणाऱ्या बाईचा एक दिवस बुडाला की तेवढ्या विड्यांची मजुरी बुडते. म्हणून हा प्रवास आधी कागदावर मांडायचा आणि मगच तिकीट काढायचं. तो कसा मांडायचा, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. सोलापूर-मुंबई वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. सोलापूर ते मुंबई हे अंतर साधारण ४५५ किलोमीटर आहे. गाडी सकाळी सहाच्या सुमाराला सोलापूर सोडते आणि दुपारी साडेबाराच्या सुमाराला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. वाटेत कुर्डुवाडी, पुणे, कल्याण, दादर हे मोठे थांबे आहेत. परतताना ती दुपारी चारच्या सुमाराला मुंबईहून निघते आणि रात्री साडेदहा-पावणेअकराला सोलापुरात येते. आठवड्यातून एक दिवस ती बंद असते: सोलापुरातून गुरुवारी आणि मुंबईतून बुधवारी. वेळा मधूनमधून बदलतात. म्हणून जायच्या आदल्या दिवशी १३९ नंबरवर फोन करून खात्री करा.

या गाडीला पुढं वेगळं इंजिन नसतं. तिच्या बऱ्याच डब्यांखालीच मोटारी असतात. बैलगाडी दोन बैलांनी ओढण्याऐवजी निम्म्या चाकांनी स्वतःच जोर लावावा, तसा हा प्रकार आहे. त्याचा उपयोग बोरघाटात कळतो. कर्जतहून लोणावळ्याला चढताना ३७ फूट पुढं गेलं की एक फूट वर, असा चढ आहे. तिथं बाकीच्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. वंदे भारत आपल्याच बळावर चढते. सोलापुरात रेल्वे आली १८६० मध्ये, पण घाटातला रूळ सुरू झाला १८६३ मध्ये. मधल्या तीन वर्षांत मुंबईला जाणारा माणूस खंडाळ्याला उतरायचा, पायी नाहीतर पालखीतून घाट उतरायचा आणि खाली दुसरी गाडी धरायचा.

आता जपानकडं बघू. तिथं १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो आणि ओसाका या दोन शहरांमध्ये बुलेट ट्रेन सुरू झाली. ते अंतर ५१५ किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षा थोडं जास्तच. तरी आजची सगळ्यात वेगवान गाडी ते अडीच तासांच्या आत कापते. आपल्याला साडेसहा तास का लागतात? आपल्या रुळावर मालगाडी, पॅसेंजर, एक्सप्रेस सगळ्याच धावतात आणि मध्ये घाटही आहे. जपाननं त्या गाडीसाठी रूळच वेगळा टाकला. त्यावर फाटक नाही, मालगाडी नाही. मुंबई ते अहमदाबाद असाच वेगळा मार्ग जपानच्या तंत्रानं बांधला जात आहे. त्यामुळं आपली गाडी ताशी १६० किलोमीटर धावू शकते असं ऐकलं तरी आपला हिशेब सरासरीनं करा. ती तासाला साधारण सत्तर किलोमीटर पडते.

मुख्य मुद्दा इथंच आहे. गाडी किती पळते यापेक्षा ती आपल्याला कामाच्या वेळेला पोचवते का, हे बघायचं. मुंबईत साडेबाराला उतरून चारची गाडी धरायची तर हातात साडेतीन तास उरतात. त्यात लोकल, रांग आणि जेवण. एवढ्यात कोणतंच काम होत नाही. म्हणून जाताना आणि येताना दोन्ही वेळा वंदे भारतच, असा हट्ट नको. आपल्याकडं दुसरी गाडी आहे, सिद्धेश्वर एक्सप्रेस. ती रात्री साडेदहाच्या सुमाराला सोलापुरातून निघते आणि सकाळी मुंबईत असते. मुंबईहूनही ती रात्रीच निघते आणि सकाळी सोलापुरात आणून सोडते.

दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं दवाखान्याचं. तिथं सकाळी लवकर नंबर लावावा लागतो. वंदे भारतनं दुपारी पोचलं तर तो दिवस गेला आणि मुंबईत मुक्कामाचा खर्च वाढला. म्हणून रात्री सिद्धेश्वरनं निघा आणि सकाळी दादरला उतरा. परळ तिथून जवळ आहे. काम दुपारी दोनच्या आत उरकलं तर दादरहूनच वंदे भारत धरून रात्री घरी. मात्र त्या दिवशी बुधवार नको. पेशंटला सहा तास बसवणार नसेल, तर रात्री सिद्धेश्वरनं झोपून आणा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येता रेल्वेची सवलत मिळते. स्लीपरमध्ये पेशंटला भाडं माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट असते. त्यासाठी रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयाकडून घ्यावा लागतो. वंदे भारतमध्ये कसलीच सवलत नाही. घाईत वंदे भारतचं तिकीट काढलं की हा हक्क हातचा जातो.

दुसरं प्रदर्शनाचं. मुंबईत उमेद अभियानाचं महालक्ष्मी सरस भरतं, तेव्हा आदल्या दिवशी जाऊन स्टॉल मांडावा लागतो. इथं वंदे भारत सोयीची. सकाळी निघा, दुपारी पोचा आणि उजेडात स्टॉल लावा. शेवटच्या दिवशी माल आवरून रात्रीची सिद्धेश्वर धरा. चेअर कारमध्ये माणशी ४० किलो सामान चालतं, पण वरच्या फळीवर पोती मावत नाहीत. जड माल आधी ट्रान्सपोर्टनं पाठवा.

आता पैशाचं. गाडी सुरू झाली तेव्हा चेअर कारचं भाडं जेवणाशिवाय हजाराच्या घरात आणि जेवणासह तेराशेच्या घरात होतं. सिद्धेश्वरच्या स्लीपरला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा लागतो. वंदे भारतचं तिकीट काढताना जेवण नको असं सांगता येतं. भाकरी आणि शेंगाचटणी आपल्या पिशवीत असतेच. या गाडीत मुलांचं अर्धं तिकीटही नाही. पण भाड्याच्या शेजारी बुडालेली मजुरी लिहा. एक मुक्काम आणि एक दिवसाची मजुरी वाचत असेल, तर महाग तिकीटही परवडतं. वाचत नसेल, तर नुसत्या हौसेसाठी कर्ज काढू नका.

तिकिटाची खिडकी ६० दिवस आधी उघडते. एका फॉर्मवर सहाच नावं बसतात. दहा जणी असाल तर दोन फॉर्म भरा आणि एकापाठोपाठ एक द्या, म्हणजे सगळ्या एकाच डब्यात याल. तत्काळ तिकीट आदल्या दिवशी मिळतं, एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला. पण पक्कं झालेलं तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. स्लीपरमध्ये एकट्या किंवा गटानं जाणाऱ्या बायकांसाठी काही जागा राखीव असतात, त्या खिडकीवर मागून घ्या. वय ४५ च्या पुढं असेल तर खालचा बर्थ मागा. आधार कार्ड मूळचं जवळ ठेवा.

शेवटची गोष्ट आपल्या कुंभारीची. स्टेशन इथून दहा-बारा किलोमीटर आहे. सकाळी सहाची गाडी म्हणजे पाचच्या आधी दारात रिक्षा हवी. रात्री अकराला उतरल्यावर घरी कसं यायचं, हेही निघण्याआधीच ठरवा. चार-पाच जणींनी मिळून एकच रिक्षा जाता-येता ठरवली तर खर्च वाटला जातो आणि सोबतही होते. सोडायला आलेल्यांनी डब्यात चढू नये. या गाडीची दारं आपोआप बंद होतात, मग दादा-भाऊजी थेट कुर्डुवाडीला उतरतात!

पुढच्या बैठकीत वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा: काम किती वाजता, पोचायचं किती वाजता, गाडी कोणती, खर्च किती, मजुरी किती बुडणार. लिहिता न येणाऱ्या ताईचं पान शेजारणीनं भरून द्यावं. मग तिकीट काढा.