पडद्याविना संगणक – १४ : लाल रेघ ऐकायची कशी?

चुकलेल्या शब्दाखाली उमटणारी लाल नागमोडी रेघ ही स्पेलचेकरची सगळ्यांना ठाऊक असलेली खूण. रेघ पडद्यावर असते. चूक सापडल्याची नोंद मात्र वर्डसारख्या प्रोग्रॅमच्या पोटात असते आणि ती मागून घेऊन आवाजात आणणे हे स्क्रीन रीडरचे काम. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये त्यासाठी दोन सोयी आहेत. ‘डॉक्युमेंट फॉरमॅटिंग’च्या सेटिंगमध्ये (एनव्हीडीए+कंट्रोल+डी) स्पेलिंगच्या चुका सांगण्याची खूण असली, की कर्सर चुकलेल्या शब्दावर येताच ‘स्पेलिंग एरर’ असे ऐकू येते. कीबोर्डच्या सेटिंगमधील दुसरी खूण असेल, तर चुकीचा शब्द टाइप करून स्पेसबार दाबला की बारीकसा भुणभुणाट होतो. दोन्ही खुणा मुळातच केलेल्या असतात. कुणी त्या काढून टाकल्या असतील, तर पहिली तपासणी तिथेच करायची.

दुसरी तपासणी भाषेची. मजकूर कोणत्या भाषेत आहे हे वर्डला माहीत असावे लागते आणि त्या भाषेची तपासणीची साधने संगणकावर बसवलेली असावी लागतात. ती नसतील तर वर्ड तो मजकूर न तपासता पुढे जातो. डोळस माणसाला त्याची सूचना एका पट्टीवर दिसते. कानाने काम करणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही आणि मजकूर निर्दोष आहे असा त्याचा समज होतो. म्हणून नव्या संगणकावर काम सुरू करण्याआधी एक शब्द मुद्दाम चुकीचा टाइप करून पाहावा. भुणभुणाट झाला, तरच पुढच्या शांततेवर विश्वास ठेवावा.

प्रत्यक्ष दुरुस्तीचे दोन रस्ते आहेत. एफ७ दाबले की तपासणीची स्वतंत्र चौकट किंवा बाजूचे पॅनेल उघडते. तिथे चुकीचा शब्द, सुचवलेले पर्याय, ‘सोडून द्या’, ‘बदला’, ‘शब्दकोशात घाला’ ही बटणे टॅबने एकामागून एक लागतात. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना या चौकटीत इन्सर्ट+सी दाबून चुकलेल्या शब्दाच्या मागचापुढचा मजकूर ऐकता येतो. लांबलचक अहवाल एका दमात तपासायचा असेल तर हा रस्ता बरा. दुसरा रस्ता ऑल्ट+एफ७ चा. त्याने कर्सर पुढच्या चुकीवर उडी मारतो आणि जागच्या जागी मेन्यू उघडतो. बाणाने पर्याय ऐकायचे, पटला की एंटर, नाही पटला की एस्केप. मजकुरातून बाहेर पडावे लागत नाही, त्यामुळे वाक्याचा धागा सुटत नाही. स्क्रीन रीडरवर रोज लिहिणारे बहुतेक जण शेवटी याच रस्त्याला लागतात.

मेन्यूतले पर्याय मात्र नुसते ऐकून निवडू नयेत. इंग्रजी ‘रिसीव्ह’मध्ये ई आधी की आय, हे उच्चारावरून कळणे अशक्य, यंत्राचा आवाज दोन्ही शब्द सारखेच म्हणतो. एनव्हीडीएमध्ये पर्यायावर थांबून एनव्हीडीए+टॅब दोनदा पटकन दाबले, की तो पर्याय अक्षरे सुटी करून सांगितला जातो. मजकुरातला शब्द असाच सुटा ऐकायचा असेल, तर आकडेपट्टीवरचा ५ दोनदा दाबावा. ही एक सवय लागली तर निम्मे काम झाले.

पर्याय येतात कुठून, तेही सांगायला हवे. आयबीएममधील फ्रेड डॅमेरो यांनी १९६४ साली दाखवून दिले, की स्पेलिंगच्या ८० टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारांत बसतात: एक अक्षर जास्त, एक कमी, एक चुकीचे किंवा दोन शेजारच्या अक्षरांची अदलाबदल. स्पेलचेकर आजही मुख्यतः याच वाटेने शोध घेतो. चुकलेल्या शब्दापासून एका पावलावर असलेले शब्दकोशातले शब्द तो आधी सुचवतो. पहिला पर्याय बऱ्याचदा बरोबर निघतो तो यामुळे आणि एकाच शब्दात दोन-तीन चुका झाल्या की यादी भरकटते तीही यामुळेच. यादी भरकटली तर तिच्यात चाळत बसण्यापेक्षा शब्द पुसून पुन्हा टाइप करणे लवकर होते.

इथवरचे सारे इंग्रजीला पुरते. मराठीत खरी अडचण पुढे आहे. मराठीच्या पुष्कळशा चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या असतात आणि नेमक्या त्याच कानाला लागत नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम राज्य शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. त्यांनुसार ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व; ‘मीठ’ दीर्घ, ‘मिठाचा’ ऱ्हस्व; ‘कवी’ दीर्घ, ‘कविवर्य’ ऱ्हस्व. ‘कवि’ आणि ‘कवी’ यांत मराठी माणसाचे तोंडही फरक करत नाही. यंत्राच्या आवाजात ‘फूलाला’ आणि ‘फुलाला’ यांच्यात जो काही बारीक फरक असेल, तो स्क्रीन रीडरच्या नेहमीच्या भरधाव वेगात निसटून जातो.

इथे स्पेलचेकर उपयोगी पडतो, कारण त्याला आवाजाशी कर्तव्य नसते. लिबरऑफिस आणि फायरफॉक्ससाठी मराठीचे जे शब्दकोश मिळतात ते हनस्पेल या मुक्त प्रणालीच्या बांधणीचे आहेत. मूळ हंगेरियन भाषेसाठी तयार झालेली ही प्रणाली शब्दांची यादी एका फाइलमध्ये आणि प्रत्यय लागण्याचे नियम दुसऱ्या फाइलमध्ये ठेवते. एका नामाची पंचवीस-तीस रूपे सहज होणाऱ्या मराठीला ही मांडणी सोयीची पडते. नियम नीट भरला असेल, तर ‘फूलाला’ पकडले जाते.

पण ‘दिन’ आणि ‘दीन’? ‘सुत’ आणि ‘सूत’? ‘शिर’ आणि ‘शीर’? हे सगळेच शब्द कोशात असल्यामुळे स्पेलचेकर गप्प बसतो आणि उच्चार जवळपास सारखे असल्यामुळे कानही गप्प बसतो. अशा वेळी चिन्हाचा क्रमांक विचारावा. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला स्वतःचा आकडा आहे. एनव्हीडीएमध्ये आकडेपट्टीवरचा २ एकदा दाबला की कर्सरखालचे अक्षर ऐकू येते. तीनदा पटापट दाबला की त्याचा क्रमांक, आधी दशमान पद्धतीने आणि मग षोडशमान पद्धतीने. लॅपटॉपच्या मांडणीत हेच काम एनव्हीडीए आणि पूर्णविरामाची कळ करते. चार आकडे पाठ ठेवले की पुरे: २३६७ ऱ्हस्व वेलांटी, २३६८ दीर्घ वेलांटी, २३६९ ऱ्हस्व उकार, २३७० दीर्घ उकार. आवाज कोणताही असो, वेग कितीही असो, २३६९ आणि २३७० यांत गफलत होत नाही.

आकड्यांचा विषय निघाला आहे, तर लखनौच्या एका वाचकाच्या शंकेला इथेच जागा देणे योग्य. कामकाज हिंदीत आणि घरचा पत्रव्यवहार मराठीत, अशी त्यांची विभागणी. शंका अशी, की ‘हज़रतगंज’ हा शब्द एका फाइलमध्ये बरोबर ठरतो, दुसऱ्या फाइलमधून चिकटवला की चूक ठरतो. ऐकायला दोन्ही एक आणि घरातल्या डोळस माणसांनाही दोन्ही एकसारखेच दिसतात.

लखनौच्या नावांत नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, पावलोपावली आहे: हज़रतगंज, क़ैसरबाग़, चारबाग़. हा नुक्तेवाला ‘ज़’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार म्हणजे तयार अक्षर, क्रमांक २३९५. दुसरा प्रकार म्हणजे साधा ‘ज’ (२३३२) आणि त्याच्यामागून सुटा नुक्ता (२३६४). कागदावर दोन्ही सारखे उमटतात. शब्दकोशात मात्र एकच रूप असेल, तर दुसरे रूप त्याच्या लेखी वेगळाच शब्द ठरते. युनिकोडच्या प्रमाणीकरणाचे नियम सुट्या जोडीच्या बाजूने आहेत, म्हणून तीच जोडी वापरावी आणि जुन्या फाइलमधले तयार अक्षर ‘शोधा आणि बदला’ने एकदाच बदलून घ्यावे. एनव्हीडीएमध्ये २०२४ पासून अशी रूपे बोलताना एकसारखी करून घेण्याची सोय आली आहे. वाचनासाठी ती उत्तम आहे, पण चूक शोधत असताना बंद ठेवावी. जो फरक पकडायचा तोच ती झाकू शकते.

मराठीला नुक्ता लागत नाही, पण दुहेरी रूपांतून मराठीची सुटका नाही. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (२३५३) घेऊन त्याला हलन्त देणे हा एक. साधा ‘र’ (२३५२), हलन्त आणि त्याच्यामागून न दिसणारा जोडक घालणे हा दुसरा. ‘ॲ’चेही तसेच. युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, म्हणजे २००८ साली, त्याला स्वतःची जागा मिळाली. त्याआधीच्या फाइलींत तो ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेला सापडतो. शब्द दिसायला ठीक आणि तरीही लाल रेघ जात नाही, अशा वेळी डोळस लेखक चक्रावून जातो. स्क्रीन रीडर वापरणारा त्याच शब्दावरून चिन्ह-चिन्ह करत गेला आणि आकडे विचारत गेला, तर न दिसणारा जोडक त्याला सापडतो. या एका बाबतीत कानाची बाजू वरचढ आहे.

लखनौची दुसरी अडचण याहून जुनी आहे आणि महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांनाही ती चांगली परिचयाची आहे. हिंदी पट्ट्यात ‘कृतिदेव’ फाँटमधल्या जुन्या फाइलींचे ढीग आहेत. या फाँटमध्ये पडद्यावर ‘भारत’ दिसते, पण फाइलमध्ये एच, के, के, जे, आर ही रोमन अक्षरे साठवलेली असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि स्पेलचेकर त्यांना इंग्रजीच्या कोशात शोधू लागतो. मोहान रोडवरच्या डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विद्यापीठात किंवा पुण्या-मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयात दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती अशा फाँटमधल्या नोट्स पडल्या, तर स्पेलचेकरचा प्रश्न पुढचा. त्या वाचताच येत नाहीत. मजकूर आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो. परिवर्तनात वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे होतात, म्हणून परिवर्तनानंतरची तपासणी कधीही टाळू नये.

गंमत अशी, की या गोंधळावरचा उतारा लखनौच्या शेजारीच तयार झाला होता. देवनागरीसह सर्व भारतीय लिप्यांना एका मांडणीत बसवण्याचे काम कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात झाले. ते तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आले, ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ साली पक्के झाले आणि युनिकोडची देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर उभी राहिली. ऱ्हस्व आणि दीर्घ मात्रांचे क्रमांक शेजारी शेजारी आहेत, ते या वर्णमालेच्या क्रमाने लावलेल्या मांडणीमुळे.

आता दोन सापळे. पहिला ऑटोकरेक्टचा. शब्द टाइप होताच वर्ड तो परस्पर बदलून टाकतो. टाइप केलेले शब्द बोलण्याची सोय चालू असेल, तर स्क्रीन रीडर जे टाइप केले तेच बोलतो. बदललेला शब्द ओळ पुन्हा ऐकल्याशिवाय कळत नाही. नावे, पत्ते, कायद्याची कलमे असलेल्या मजकुरात ऑटोकरेक्ट बंद ठेवणेच हिताचे. दुसरा सापळा ‘शब्दकोशात घाला’ या बटणाचा. भातखंडे हे नाव लखनौत कुणाला सांगावे लागत नाही. १९२६ साली त्यांनी तिथे सुरू केलेले संगीत विद्यालय आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. शब्दकोशात हे नाव असेलच असे नाही आणि नसेल तर ते घालणे योग्यच. पण ‘भातखंडे’ऐवजी घाईत ‘भातखडे’ घातले गेले, तर त्या चुकीवर पुन्हा कधीही भुणभुणाट होणार नाही. कोशात घालण्याआधी शब्द सुटा करून ऐकावा आणि वर्डच्या खासगी शब्दकोशाची यादी अधूनमधून उघडून चाळावी.

या सगळ्याच्या मुळाशी एक शैक्षणिक प्रश्न आहे. १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये ‘इ’ दोन-चार या टिंबांनी लिहितात, ‘ई’ तीन-पाच या टिंबांनी. ब्रेलवर शिकलेल्या मुलाच्या बोटांना ऱ्हस्व-दीर्घ कळलेले असते. ब्रेल वगळून थेट ऐकण्यावर शिकलेल्या मुलाने ‘फूल’ हा शब्द हजारदा ऐकलेला असतो, एकदाही वाचलेला नसतो. त्याच्या शुद्धलेखनाला नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. स्पेलचेकर त्याची चूक कुठे आहे ते सांगेल. बरोबर रूप का बरोबर, हे त्याला नियमांतून आणि ब्रेलमधूनच कळेल. संगणकाला जोडायच्या ब्रेल-पट्टीवर लिहिण्याचे गेल्या आठवड्यात कबूल केले होते, पण लखनौच्या शंकेने तिची जागा घेतली. ती पुढच्या हप्त्यात.

तोवर क्रम एवढाच लक्षात ठेवावा: मजकूर युनिकोडमध्ये आहे याची खात्री, भाषेची खात्री, मग ऑल्ट+एफ७ ने एकेक चूक, पर्याय सुटा करून ऐकणे, शंका आली की क्रमांक विचारणे आणि शेवटी सगळा मजकूर सावकाश वेगाने एकदा ऐकणे. शाळा-महाविद्यालयांत संगणक शिकवणाऱ्यांना एक विनंती: दृष्टिहीन विद्यार्थ्याला एफ७ शिकवाल त्याच दिवशी वरचे चार आकडेही शिकवा.