राखलेल्या पाण्याचे बी



कितीही टंचाई आली तरी भाताचे बियाणे शिजवून खायचे नसते, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. मासळीच्या बियाण्याविषयी मात्र आपण इतके जागरूक नसतो, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

समुद्रातील खडकांच्या व प्रवाळांच्या आश्रयाने राहणारे पुष्कळसे मासे मोकळ्या पाण्यात अंडी सोडतात. अंड्यातून निघालेले पिलू जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे व काचेसारखे पारदर्शक असते. कित्येक दिवस, कधी महिनाभरही, ते पाण्याबरोबर भटकते. बहुतेक पिले या काळात उपासमारीने मरतात किंवा दुसऱ्यांचे भक्ष्य होतात. जी जगतात त्यांना पोहण्याचे बळ येते. वासाच्या व आवाजाच्या खुणेने ती खडक शोधतात आणि तेथे वस्ती करतात.

मग एका खडकावरचे बी उगवते कोठे? ऑस्ट्रेलियातील केपल बेटांपाशी शास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला व 2012 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील काही प्रवाळखडकांवर मासेमारीस बंदी आहे. या राखीव खडकांवरील मोठे मासे आणि आसपासची पिले यांचे आनुवंशिक नमुने जुळवून कोणते पिलू कोणाचे, हे ठरविण्यात आले. माशांच्या जाती दोन होत्या : एक आपल्या गोबऱ्याच्या कुळातील, दुसरी तामसोच्या. राखीव खडक एकूण खडकांच्या केवळ 28 टक्के. पण 30 किलोमीटरांच्या परिसरात वस्तीस आलेल्या पिलांपैकी सुमारे निम्मी त्यांचीच होती. आईबाप ओळखता आले अशा पिलांपैकी पहिल्या जातीची 83 टक्के व दुसरीची 55 टक्के पिले बंदी नसलेल्या खडकांवर सापडली. राखणाऱ्याचे बी शेजाऱ्याच्या पाण्यातही उगवले.

हे आपल्या खाजणाशीही निगडित आहे. आपला तामसो मोठेपणी समुद्रातील खडकांत राहतो, पण त्याचे बालपण खाडीत, खारफुटीच्या मुळांत जाते. चोणकाची पिलेही भरतीबरोबर आत शिरतात. ओहोटीच्या वेळी मानशीच्या दारात बारीक आसाचे जाळे लावले, की ही पिले मूठभर कालवणापुरती संपतात. तीच वाढली असती तर कितीतरी घरांत, लेकुरवाळ्या स्त्रियांच्या व मुलांच्या ताटात, पौष्टिक अन्न पडले असते.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. मानशीला मोठ्या आसाचे जाळे लावावे व सापडलेली पिले जिवंत असतानाच पाण्यात सोडावीत. बांधाबाहेरची खारफुटी तोडू नये. ती लाटांपासून बांधही राखते. आणि 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांच्या मासेमारीबंदीला तोट्याचे दिवस न समजता पेरणीचे दिवस समजावे.

अनुवाद ग्रंथाच्या 22व्या अध्यायात घरट्यातील पक्षिणीला पिलांसह धरण्यास मनाई आहे. आईला सोडून द्यावे, असा तो नियम आहे. देवाने दिलेले खावे, पण देणारे कूस राखून खावे. पाण्यालाही हाच नियम लागू आहे.