पानगळ, पालवी आणि पाचोळा

मार्च महिन्यात देहूरोडहून लोणावळ्याची लोकल पकडली आणि खिडकीजवळ जागा मिळाली, तर तासाभराच्या आत झाडांच्या दोन दुनिया दिसतात. घोरावडेश्वराच्या डोंगरावर बरीच झाडे उघडीबोडकी असतात. कामशेत, मळवली मागे पडले की ओढ्याकाठी हिरवे पट्टे दिसू लागतात. लोणावळ्यापुढे घाटमाथ्यावरच्या राईत तर जांभूळ, अंजनी, हिरडा अशी दाट गर्दी असते. महिना तोच, ऊनही तेच. फरक आहे तो पावसाचा. पुण्यात वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस होतो, लोणावळ्यात चार हजारांहून अधिक. देहूरोड या दोहोंच्या मधोमध.

पाऊस मात्र दोन्हीकडे मुख्यतः चारच महिन्यांचा. उरलेले आठ महिने झाडाला साठ्यावर काढायचे असतात. पानांतून सतत पाणी उडून जाते, म्हणून सावर, पळस, पांगारा, साग ही झाडे पानेच टाकून देतात. हे टाकणे बेहिशेबी नसते. पान पिवळे पडते तेव्हा त्यातला नत्र, स्फुरद असा मोलाचा ऐवज झाड फांदीत परत ओढून घेत असते. नत्राचा तर साधारण निम्मा भाग असा वाचतो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो, पान सुटते आणि जखम बुचासारख्या आवरणाने बंद होते. सूरह अल-अनआमच्या 59व्या आयतीत अल्लाहच्या ज्ञानाची व्याप्ती सांगताना गळणाऱ्या पानाचाही उल्लेख येतो. ते एक पान गळायला किती तयारी लागते, हे कळल्यावर ती आयत वाचताना मन थोडे थांबते.

सदाहरित झाडांची पाने गळत नाहीत, हा मात्र गैरसमज. जांभळाचीही पाने गळतात, पण जुनी जाता जाता नवी येतात, त्यामुळे झाड कधी उघडे दिसत नाही.

खरे नवल पुढे आहे. पाऊस जूनमध्ये येणार आणि पिंपळ, कडुलिंब, कुसुम यांना पालवी फुटते ती मार्च-एप्रिलच्या रखरखाटात! आपण तिला चैत्रपालवी म्हणतो आणि पुढे जातो. या वेळी पाणी येते कुठून? जुनी पाने गेल्यावर पाण्याचा खर्च थांबतो, खोल मुळे ओल ओढत राहतात आणि खोड पुन्हा पाण्याने भरते. दिवस मोठा होऊ लागला, हा इशारा अनेक झाडांना पुरतो. कोवळ्या पानांचा तांबूस रंग त्यांना कडक उन्हापासून जपतो. पावसाबरोबर अळ्या-किड्यांची फौज येते, तोवर ही पाने जून झालेली असतात. साग मात्र सबुरीचा, तो बहुधा पावसाची चाहूल लागेपर्यंत थांबतो.

झाडाचे घड्याळ असे सूर्यावर चालते आणि आपले हिजरी साल चंद्रावर. म्हणून रमजान तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. सध्या शाबान आणि रमजान पानगळीच्या आसपास येत आहेत, आणि इथेच एक गोष्ट सांगावीशी वाटते.

शबे-बरातपूर्वी कब्रस्तानांची साफसफाई होते. चांगलेच आहे. पण झाडलेला पाचोळा कोपऱ्यात रचून काडी लावली जाते. अंगणात, सोसायटीत, रस्त्याकडेलाही तेच. झाडाने मातीला परत दिलेला उरलेला नत्र धुरात जातो, धूर दम्याच्या रुग्णाच्या छातीत जातो आणि राख पहिल्या पावसात वाहून जाते. डोंगरावर तर पुढच्या वर्षी गवत चांगले येते या समजुतीने वणवे लावतात आणि पाचोळ्याखाली रुजलेली रोपे होरपळतात. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 रोजी देशभर बंदी घातली, पाच हजार रुपयांचा दंडही ठरवला. दंडाच्या भीतीने फार काही बदललेले दिसत नाही.

उपाय साधा आहे. जिथे दफन होत नाही अशा कडेला तीन फूट खोल खड्डा घ्यावा, पाचोळ्याच्या थरावर थोडी माती किंवा शेणकाला टाकावा आणि ओल राखावी. कडुलिंब, गुलमोहराची बारीक पाने लवकर कुजतात, आंबा-वडाची जाड पाने वेळ घेतात, ती आधी चुरडून टाकावीत. खड्डा करणे शक्य नसेल, तर लहान रोपांच्या आळ्यात हाच पाचोळा चार बोटे पसरावा, फक्त खोडाला टेकू देऊ नये. उन्हाळ्यात पाणी कमी लागते.

आणि दारातले झाड मार्चमध्ये वाळल्यासारखे दिसले, तर कुऱ्हाडीआधी नख वापरावे. बारीक फांदीची साल किंचित खरवडली आणि आत हिरवे, ओलसर दिसले, तर झाड जिवंत आहे, पालवीची वाट पाहते आहे. महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत तर खरोखर वठलेले झाड तोडायलाही 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते.