ओढ्यातील शेवाळ ओळखताना

गेल्या उन्हाळ्यात सत्तरी ओलांडलेले एक आजोबा सुजलेले मनगट सावरत दवाखान्यात आले. नातवाला घेऊन ओढ्यावर गेले असता दगडावरून पाय घसरला आणि हाड मोडले. "डॉक्टर, शेवाळ दिसले असते तर पाय ठेवलाच नसता. दगड तर तपकिरी होता," ते म्हणाले. शेवाळ हिरवेच असते, ही समजूत त्यांना महागात पडली. वाचकहो, आपल्या ओढ्यात प्रामुख्याने आढळणारे तीन गट ओळखता आले, तर असे प्रसंग टळू शकतात.

तपकिरी शेवाळ : यास डायटम म्हणतात. या एकपेशीय जीवांभोवती सिलिकाचे कवच असते. वाहत्या पाण्यातील दगडांवर त्यांचा पातळ, बुळबुळीत थर बसतो. यात भीती विषाची नसून घसरण्याची आहे. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात. खुब्याचे हाड मोडल्यास दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहावे लागते. म्हणून ओला दगड, रंग कोणताही असो, निसरडाच समजावा.

हिरवे शेवाळ : स्पायरोगायराचे धागे केसांसारखे लांब व रेशमासारखे मऊ असतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत हरितद्रव्याच्या मळसूत्री पट्ट्या दिसतात. क्लॅडोफोराचे धागे फांद्या फुटलेले आणि स्पर्शाला खरखरीत असतात. हे सहसा विषारी नसते. मात्र त्याची बेसुमार वाढ झाली असेल, तर पाण्यात सांडपाणी वा खते मिसळत असावीत, असा संशय घ्यावा.

नील-हरित शेवाळ : जपायचे ते यापासून. शास्त्रदृष्ट्या हे शेवाळ नसून सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जिवाणू आहेत. उन्हाळ्यात ओढ्याची धार आटून डोह साचले, की पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय पसरते. यातील मायक्रोसिस्टिस हा प्रकार यकृताला घातक असे विष निर्माण करू शकतो. पाणी उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. 1996 साली ब्राझीलमधील कारुआरू शहरात अशा दूषित पाण्याचा डायलिसिससाठी वापर झाला आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले.

घरच्या घरी परीक्षा : लांब काठी पाण्यात फिरवून बाहेर काढावी. काठीला धागे लोंबू लागले, तर ते बहुधा हिरवे शेवाळ. रंगात बुडवल्यासारखी काठी माखली, तर नील-हरित शेवाळाचा संशय धरावा. दुसरी परीक्षा अशी : रबरी हातमोजे घालून पारदर्शक बाटली पाऊण भरावी व रात्रभर न हलवता ठेवावी. सकाळी हिरवा थर वर तरंगत असल्यास संशय बळावतो. अर्थात हा केवळ अंदाज होय. खात्री प्रयोगशाळेतच होते, आणि परीक्षेत काही न आढळले म्हणून ते पाणी पिण्यायोग्य ठरत नाही.

संशय आल्यास त्या पाण्यात उतरू नये, ते वापरू नये, नातवंडांना व जनावरांना दूर ठेवावे आणि ग्रामपंचायतीस कळवावे. स्पर्श झालाच तर स्वच्छ पाण्याने अंग धुवावे. पुरळ, उलट्या वा जुलाब सुरू झाल्यास डॉक्टरांकडे जावे व ओढ्याचा उल्लेख आवर्जून करावा. तो राहून गेला, तर निदान चुकू शकते.

आजोबांचे मनगट आता बरे झाले आहे. ओढ्यावर ते आजही जातात. फक्त काठी घेऊन, आणि काठावरच बसतात.