शिरोरेखेची परीक्षा: घरात सीएनसी राउटर लावताना

घरगुती सीएनसी राउटरला तीन दिशांची चाल असते. एक मोटार कटरला डावीउजवीकडे नेते, दुसरी पुढेमागे आणि तिसरी वरखाली. या दिशांना अनुक्रमे एक्स, वाय आणि झेड अक्ष म्हणतात. कटर फिरवणारी मोटार म्हणजे स्पिंडल. संगणकावर काढलेल्या आकृतीचे जी-कोड नावाच्या ओळींत रूपांतर होते आणि कंट्रोलर त्या ओळी वाचून मोटारींना पावले टाकायला लावतो. आकड्यांच्या हुकमावर यंत्र चालवण्याचा हा प्रयोग अमेरिकेतील एमआयटी संस्थेत 1952 साली दाखवण्यात आला. त्यासाठी तेव्हा खोलीभर सामग्री लागली होती. आज ते काम ‘ग्रब्ल’ हा मोफत प्रोग्रॅम भरलेले तळहाताएवढे बोर्ड करते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांना यंत्रकामाची ओळख जुनी आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात साखर कारखान्यांची अवजड यंत्रे आणि ‘इस्रो’च्या रॉकेटसाठी मोटार केसिंग तयार झाली आहेत. बारामतीच्या एमआयडीसीत वाहन उद्योग आहे. पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 मध्ये एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, सुरू झाली. तीसेक सेंटिमीटर लांबीचे, लाकडावर नाव कोरणारे यंत्र आता घरातल्या टेबलावर मावते. सुटे भाग जोडायला एक दिवस पुरतो. मात्र जोडलेले यंत्र अचूक चालते की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोजणीचा क्रमही पाळावा लागतो. सांगाड्यातली चूक पुढे मोटारीच्या आकड्यांत मिसळली, तर ती शोधणे अवघड होते.

पहिली तपासणी सांगाड्याची. टेबल डगमगत असेल किंवा शहाबादी फरशी उंचसखल असेल, तर यंत्राचे चार पाय एका पातळीत बसत नाहीत आणि सांगाड्याला पीळ पडतो. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या ताणून बांधल्यावर त्या मध्यभागी एकमेकींना अलगद टेकल्या पाहिजेत. मध्ये फट राहिली किंवा एक दोरी दुसरीला दाबू लागली, तर पायांखाली पातळ पत्रा घालून पीळ काढावा. काटकोनासाठी गवंड्याची तीन-चार-पाचची रीत इथेही चालते. एका बाजूवर 120 मिलिमीटर, दुसरीवर 160 मिलिमीटर मोजून खुणा केल्या, की त्यांतील तिरके अंतर बरोबर 200 भरले पाहिजे. लहान गुण्याने दिसणार नाही एवढा फरक या मापात दिसतो.

दुसरी तपासणी विजेची. लहान यंत्रांना 24 व्होल्टचा पॉवर सप्लाय लागतो. त्याच्या बाजूला 115 आणि 230 व्होल्टचा बारीक खटका असल्यास तो प्लग लावण्यापूर्वीच 230 वर आहे ना, हे पाहावे. अर्थिंग पाहण्यासाठी मल्टिमीटरने फेज आणि अर्थिंगमधला दाब मोजावा. तो फेज आणि न्यूट्रलमधल्या दाबाच्या जवळपास असावा. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली, की अर्थिंगचा खड्डा ओला ठेवावा लागतो. चालू यंत्रातून मोटारीची पिन उपसू नये, कारण त्याने मोटारीला वीज पुरवणारा ड्रायव्हर जळतो. स्पिंडलची वायर आणि संगणकाकडे जाणारी केबल दूर ठेवल्यास मध्येच संपर्क तुटण्याचे प्रकार कमी होतात. आपत्कालीन बटण मात्र पहिल्या दिवसापासून हाताजवळ हवे.

तिसरा टप्पा चालीचा. अक्षांच्या मोटारी स्टेपर प्रकारच्या असतात. त्या साधारणपणे एका फेऱ्यात 200 पावले टाकतात. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ भाग करतो, तेव्हा एका फेऱ्यात 1600 सूक्ष्म पावले होतात. मळसूत्री दांडा एका फेऱ्यात 2 मिलिमीटर पुढे सरकवत असेल, तर दर मिलिमीटरला 800 पावले लागतात. हाच आकडा कंट्रोलरमध्ये भरायचा असतो. पडताळण्यासाठी यंत्राला 200 मिलिमीटर सरकायला सांगावे आणि पोलादी पट्टीने अंतर मोजावे. अंतर निम्मे किंवा दुप्पट आले, तर पावलांच्या भागांची जंपर-मांडणी चुकली आहे. एक-दोन दशांश मिलिमीटरचा फरक दिसला, तर आधी पट्टी धरण्यातली चूक तपासावी आणि मगच आकड्याला हात लावावा.

दिशा उलटताना दांडा आणि नट यांच्यामधला प्ले उघड होतो. कारखान्यात त्याला बॅकलॅश म्हणतात. डायल इंडिकेटर टेकवून यंत्र 1 मिलिमीटर पुढे न्यावे, काटा शून्यावर लावावा, आणखी 1 मिलिमीटर पुढे नेऊन तेवढेच मागे आणावे. काटा शून्यावर परतला नाही, तर जेवढा फरक उरला तेवढा प्ले आहे. मोटार व दांडा जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला असणे हे त्याचे नेहमीचे कारण असते. तो घट्ट करूनही प्ले उरला, तर नट बदलावा.

स्टेपर मोटारींना आपली जागा आठवत नाही. वीज गेली आणि परत आली, की कटर कुठे होता हे कंट्रोलरला सांगता येत नाही. शेतीपंपांच्या वेळापत्रकावर आणि लाइनच्या भरवशावर चालणाऱ्या गावांत हे अनेकदा अनुभवाला येते. अक्षांच्या टोकांना लिमिट स्विच बसवलेले असतील, तर यंत्र आपल्या कोपऱ्यात परत जाते आणि तिथून लाकडावरचा शून्यबिंदू पुन्हा सापडतो. काम सुरू करतानाच त्या बिंदूचे आकडे कागदावर लिहून ठेवावेत. स्विच नसतील, तर फळीच्या कोपऱ्यात भोक पाडून खिळ्याची कायमची खूण करावी.

चौथा टप्पा बैठकीचा. लाकूड आणि यंत्राचा तळ यांमध्ये एमडीएफची एक फळी बसवतात. ती कापताना खराब झाली तरी चालते. याच यंत्राने तिचा वरचा थर अर्धा मिलिमीटर घासून घेतला, की ती कटरच्या चालीशी समांतर होते. घासताना पट्ट्यापट्ट्यांत पायरी लागली, तर स्पिंडल तिरके आहे. स्पिंडलचे स्क्रू सैल करून ते सरळ करावे आणि मगच पुढे जावे.

आता कापणे. पहिला कार्यक्रम कटर लाकडापासून वर ठेवून हवेतच चालवावा. मग वेग ठरवावा. स्पिंडल मिनिटाला 10,000 फेरे करत असेल, कटरला दोन धारा असतील आणि प्रत्येक धारेने 0.05 मिलिमीटर लाकूड काढावे असे ठरवले, तर वेग मिनिटाला 1000 मिलिमीटर येतो. लहान सांगाड्याला एवढा ताण झेपेलच असे नाही. म्हणून अर्ध्या वेगाने आणि अर्धा मिलिमीटर खोलीने सुरुवात करावी. बाहेर पडणारा भुसा रवाळ असला पाहिजे. पिठासारखी पूड येत असेल आणि जळका वास सुटला असेल, तर धार लाकूड कापण्याऐवजी नुसती घासते आहे. तेव्हा वेग वाढवावा किंवा फेरे कमी करावेत. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे, म्हणून एन-95 मास्क आणि गॉगल लागतोच. फिरत्या कटरजवळ हातमोजे आणि सैल बाह्या धोकादायक ठरतात. चालू यंत्र सोडून कुठेही जाऊ नये.

चाचणीचा नमुना म्हणून वर्तुळ किंवा चौकोन कोरतात. देवनागरी लिहिणाऱ्यांसाठी ‘इंदापूर’ आणि ‘बारामती’ हे शब्द अधिक उपयोगाचे आहेत. 90 अंशांचा व्ही कटर वापरून एकाच खोलीवर शिरोरेखा कोरली, की तिची रुंदी खोलीच्या दुप्पट येते. फळी एका टोकाला 0.2 मिलिमीटर उंच असेल, तर तिथे रेषा 0.4 मिलिमीटरने जाड होते आणि डोळ्यांना लगेच दिसते. ‘बारामती’तले काने शिरोरेखेला लंब नसतील, तर काटकोन चुकला आहे. ‘ब’च्या वाटोळ्याला सपाट चट्टा पडला, तर प्ले उरला आहे. ‘इंदापूर’वरचा अनुस्वार म्हणजे एकच टोचा. तो गोल उमटला नाही, तर कटर वा त्याला धरणारे कॉलेट डगमगते आहे. फॉन्टमधील प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेखा घेऊन येते आणि त्या एकमेकींवर चढतात. म्हणून कोरण्यापूर्वी संगणकावर सगळी अक्षरे एकसंध करून घ्यावीत, नाहीतर जोडाच्या जागी उगाच खाचा पडतात.

या सगळ्या चाचण्यांचे आकडे एका वहीत लिहावेत: पावलांचा आकडा, प्ले, वेग, खोली आणि लाकडाची जात. नवा नट, नवे स्पिंडल किंवा नवी फळी बसवली, की त्या वहीतल्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून कराव्यात. यंत्र दुसऱ्या खोलीत हलवले तरी दोऱ्या आणि पट्टी घेऊन सुरुवात सांगाड्यापासूनच करावी लागते.