बचावपटूची कीर्ती
फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याच्या वाट्याला जयघोष येतो; परंतु प्रतिपक्षाच्या चढाईचा अगोदरच बंदोबस्त करणाऱ्या बचावपटूची कामगिरी, ती जितकी निर्दोष, तितकी अलक्षित राहते. मुंबईचे बचावपटू राहुल भेके या नियमास सन्माननीय अपवाद ठरले: २०१९ च्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, डोक्याने गोल करून त्यांनी बेंगळुरूस विजेतेपद मिळवून दिले, आणि २०२२ मध्ये, आशियाई चॅम्पियन्स लीगमधील भारतीय क्लबाच्या पहिल्याच विजयात, मुंबई सिटीचा निर्णायक गोलही त्यांनीच केला. बचावाचे मोल फुटबॉलपुरतेच नाही: धाराशिव जिल्ह्यात संरक्षणाची ही विद्या खो-खोच्या मैदानावर जोपासली गेली, आणि तेथील खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार लाभला. जिल्ह्यातील शाळांनी बचावाच्या तालमीसही आक्रमणाइतकाच मान द्यावा.