गाडी उंच न करता विंच

अंधेरी-जोगेश्वरीकडच्या एखाद्या ॲक्सेसरीच्या दुकानात थारसाठी विंचची चौकशी केली, तर पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: लिफ्ट किती इंचांची टाकायची? खरं तर ही दोन वेगळी कामं आहेत. विंच रुतलेली गाडी दोरानं ओढून काढते. लिफ्ट गाडीची बॉडी चाकांपासून वर उचलते, ती मुख्यतः मोठे टायर बसावेत म्हणून. दोन्हींची सांगड घातली ती जड लोखंडी बंपरनं. विंचसाठी पोलादी बंपर घेतला, त्याच्या वजनानं गाडीचं नाक खाली बसलं, आणि नाक वर आणायला लिफ्ट घातली. बंपर टाळला तर लिफ्टचं कारणच उरत नाही.

अंधेरीत राहणाऱ्यानं ती टाळावी याला इथलीच कारणं आहेत. 2020 साली आलेल्या थारची उंची मुळातच सुमारे 1850 मिमी. जुन्या सोसायट्यांच्या स्टिल्टमधले बीम आणि मेकॅनिकल पार्किंगमधल्या उंचीच्या मर्यादा पाहिल्या, तर दोन इंच काय भावानं पडतात ते कळतं. विंच लागणार पावसाळ्यात, कर्जत-मुरबाडकडच्या चिखलात, तीही वर्षातले मोजके दिवस. उरलेलं वर्ष गाडी वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर, आणि उंच केलेली गाडी वळणावर जास्त कलते. (अंधेरी सबवे तुंबतो तेव्हा विंच कामाला येईल, असं कोणाला वाटत असेल तर तो विचार सोडावा. तिथे उपाय एकच, दुसरा रस्ता.)

आता वजनाचा हिशेब, कारण सगळी गोम तिथेच आहे. थारसारख्या गाडीचं वजन माणसं-सामानासह दोन-सव्वादोन टन धरलं, तर विंचची ताकद त्याच्या दीडपट तरी असावी, हा रूढ नियम. म्हणजे तीन-साडेतीन टन. बाजारात सहज मिळणारी 9,500 पौंडांची विंच 4,300 किलो ओढते, तेव्हा ती पुरेशी. पोलादी वायर रोपसह तिचं वजन साधारण 40 किलो. बसवायची प्लेट, बोल्ट, केबल मिळून आणखी 25 धरू. एकूण 65.

पण पुढच्या चाकांवर 65 किलो येत नाहीत, जास्त येतात. विंच पुढच्या ॲक्सलच्याही पुढे असते, आणि सी-सॉच्या टोकावर बसलेल्या मुलासारखी ती मागचं टोक हलकं करते. थारचा व्हीलबेस 2450 मिमी. विंच ॲक्सलच्या 700 मिमी पुढे आहे असं धरलं, तर पुढे सुमारे 84 किलो वाढतात आणि मागचे 19 किलो कमी होतात. प्रत्येक पुढच्या चाकाला आले 42 किलो. चाकापाशी स्प्रिंगचा ताठरपणा दर मिलिमीटरला चार किलो मानला, तर नाक दहा-अकरा मिलिमीटर खाली जाईल. एक सेंटिमीटर! एवढ्यासाठी दोन इंचांची लिफ्ट म्हणजे शुद्ध उधळपट्टी. याच हिशेबात 50 किलोंचा पोलादी बंपर घाला, की आकडा 18-19 मिमीवर जातो आणि लिफ्टवाल्याचं म्हणणं खरं वाटू लागतं.

म्हणून सुरुवात वजन कमी करण्यापासून. वायर रोपऐवजी सिंथेटिक दोर घेतला तर दहाएक किलो वाचतात, तेही नेमके नाकावरचे. हा दोर डायनीमासारख्या धाग्याचा असतो. ताणाखाली तुटला तर पोलादी दोराइतकी ऊर्जा त्यात साठलेली नसते, त्यामुळे त्याचा फटका खूपच सौम्य असतो. तोटेही आहेत. ऊन, चिखलातली वाळू आणि दगडाची धार त्याला खाते. पुष्कळ विंचांमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो. भाराखाली दोर सोडत गेलं की ड्रम तापतो आणि दोराचा आतला थर वितळू शकतो. दोर सिंथेटिक घेतला, की तो बाहेर येतो तिथल्या रोलरच्या जागी गुळगुळीत ॲल्युमिनियमचा फेअरलीड लावावा. खरवडलेले जुने रोलर त्याचे धागे तोडतात.

बसवायची जागा कंपनीच्या बंपरच्या मागे, चॅसीच्या दोन रेल्सच्या मध्ये. या ताकदीच्या बहुतेक विंचांच्या बोल्टांची भोकं 254 बाय 114.3 मिमीवर असतात, त्यामुळे प्लेट आधी बनवून घेता येते. सहा मिलिमीटरची प्लेट लेझरवर कापून, वाकवून देणारे गाळे मरोळ-साकीनाक्याकडे आहेत. खरा प्रश्न प्लेटचा नाही, ती कशाला बांधायची याचा आहे. चार टनांची ओढ चॅसीच्या रेल्सवर गेली पाहिजे. रेल्सच्या पुढे धडकेत चुरगळण्यासाठी ठेवलेला भाग असेल, तर त्यावर वेल्डिंग करायचं नाही आणि तो पट्टीनं ताठ करायचा नाही. एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर गाडीचा वेग किती झपाट्यानं कमी होतो त्यावरून ठरवतो. पुढचा भाग ताठ झाला की तो अंदाज बिघडतो. विंचमुळे रेडिएटरची हवा अडत असेल, तर प्लेट खाली सरकवता येते का पाहावं. पण फार खाली गेली तर गाडीचा पुढचा चढणकोन कमी होतो, आणि मग चढावर तीच आधी टेकते.

उरलेला सेंटिमीटर कसा भरून काढायचा, हे गाडीवर अवलंबून आहे. जुन्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बार आहेत. बोल्ट थोडा पिळला की नाक मूळ जागी येतं, सामान काही लागत नाही. एमएम 540 किंवा जिप्सीला पाटे असतात. पाटेवाल्याकडून कमान काढून घेतली किंवा एक पातं वाढवलं की काम झालं. 2020 नंतरच्या थारला पुढे डबल विशबोन आणि कॉइल आहेत. तिथे त्याच उंचीचं पण अधिक ताठ स्प्रिंग हा योग्य उपाय. वरून रिंग टाकायची तर जपून. स्प्रिंग विशबोनवर चाकाच्या आतल्या बाजूला टेकलेलं असतं, म्हणून सहा मिमीची रिंग चाकापाशी सहापेक्षा जास्त उचलते. काम करण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना लिहून ठेवावं. परत आणायचं ते त्या आकड्यावर, त्याच्या वर नाही.

विजेची बाजू कमी बोलली जाते. पूर्ण ताणाला 12 व्होल्टची विंच 400 अँपिअरच्या आसपास खेचते. कोणताही नेहमीचा अल्टरनेटर एवढं देऊ शकत नाही, उरलेलं बॅटरीतून जातं. म्हणून इंजिन चालू ठेवायचं, मिनिटभर ओढायचं, थांबायचं, मोटर निवू द्यायची. केबल जाड हवी आणि बॅटरीपाशी आयसोलेटर स्विच हवाच. बारीक केबल आणि धातूवर घासणारं इन्सुलेशन म्हणजे बॉनेटखाली आग.

विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, हेही विक्रेते सहसा सांगत नाहीत. वरच्या थरावर ती साधारण तिसऱ्या हिश्शानं घटते. झाड जवळ असेल आणि दोर बराच गुंडाळलेला असेल, तर कप्पी लावावी. ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो आणि मोटरवरचा ताणही उतरतो. झाडाला रुंद पट्टा बांधावा, नुसता दोर कधीच नाही. ताणलेल्या दोरावर जड चादर टाकावी आणि बाकी मंडळींनी लांब उभं राहावं.

कायद्याचं दुकानदारावर सोडू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ नोंदीबाहेरचे बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. गाडीपुढे लावलेल्या धातूच्या बुल-बारविरुद्ध कारवाई करा, असं केंद्रीय परिवहन मंत्रालयानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं होतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बंपरमागे लपवली म्हणजे विंच चालते, असं समजू नये. एमएच 02 ची गाडी असेल तर अंधेरीच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारावं, प्लेट कापायला नंतर टाकावी. दोन्हींकडून होकार आला नाही, तर तिरफोरसारखी हाताची विंच डिकीत ठेवावी. तिला ना वायरिंग लागतं ना चॅसीला भोक, आणि गाडीची उंचीही जिथल्या तिथे राहते.